सोलापुरात एएची मीटिंग कशी शोधावी: पहिल्या फोनपासून चौथ्या मीटिंगपर्यंत

दारू सोडण्याची इच्छा झालेल्या माणसाला "एएच्या मीटिंगला जा" एवढे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची संघटना. ती मीटिंग कोणत्या वारी भरते, आत कोणाला प्रवेश असतो आणि तेथे पोहोचण्याआधी कोणती तयारी करावी लागते, हे सांगणारा सहसा भेटत नाही. त्यामुळे कित्येक जण पहिल्याच संध्याकाळी हात हलवत परत येतात आणि मोठ्या मुश्किलीने झालेला निश्चय त्या परतीच्या वाटेवर मोडतो.

माझ्या मामांच्या बाबतीत हेच झाले. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. एका जुन्या कागदावर लिहिलेल्या शाळेच्या पत्त्यावर मी त्यांना संध्याकाळी घेऊन गेलो, तेव्हा फाटकाला कुलूप होते. रखवालदाराने आतूनच सांगितले की ती माणसे पूर्वी येत असत, आता येत नाहीत. मामांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसले, "बरं, चल मग" एवढेच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला सुटकेचा सूर ऐकून रात्री काय होणार ते मला कळून चुकले. पत्ता एके काळी बरोबर होता. फोन करून खात्री करून घेतली नाही, ही चूक माझी होती. त्यानंतर नात्यातील आणि गल्लीतील काही जणांसोबत मी ही खटपट केली आणि दर वेळी एकच गोष्ट दिसली: लोक पत्ता शोधतात, माणूस शोधत नाहीत. ज्या मीटिंगच्या एका तरी मेंबरशी आपले आधी बोलणे झाले आहे, तीच मीटिंग सापडली असे धरावे. पुढील टप्प्यांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

टप्पा १: दारू थांबवण्याआधी डॉक्टरांना दाखवा

मीटिंगला 'नीट' होऊन जायचे म्हणून दोन दिवस आधीपासून आपल्या मनाने दारू एकदम बंद करणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे, आणि ती चांगल्या हेतूने होत असल्यामुळे घरातले कोणी अडवतही नाही. जो माणूस रोज आणि भरपूर पितो, विशेषतः ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत म्हणून घोट घ्यावा लागतो, त्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. शेवटचा घोट घेतल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात. ही शेवटची अवस्था जीवघेणी ठरू शकते.

म्हणून आधी डॉक्टर. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, केसपेपर काढून मनोविकार विभागाच्या ओपीडीत दाखवता येते; खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तरी चालेल. तेथे रोज किती दारू घेतली जाते, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, यकृताचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे का, हे खरे सांगावे. रोजची एक क्वार्टर असेल तर एक क्वार्टरच सांगावी. लाजेपोटी अर्धे प्रमाण सांगितले तर औषधही तेवढ्याच हिशेबाने दिले जाते. डॉक्टरांची औषधे घेत असताना मीटिंगला जाण्यास काहीही हरकत नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

*इशारा:* फिट, भ्रम, तीव्र ताप किंवा रक्ताची उलटी झाल्यास मीटिंगचा विचार बाजूला ठेवून 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

*दुसरा इशारा, घरच्यांसाठी:* 'दारू सोडवण्याची गोळी' गुपचूप भाजीत किंवा चहात घालू नका. डायसल्फिराम हे त्यातले प्रचलित औषध आहे. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड यांपासून रक्तदाब एकदम खाली येण्यापर्यंत काहीही होऊ शकते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

टप्पा २: आपल्याला नेमके काय शोधायचे आहे ते ठरवा

बोलताना लोक 'केंद्र', 'मीटिंग' आणि 'समुपदेशन' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि तेथूनच वाट चुकते. व्यसनमुक्ती केंद्रात माणूस काही आठवडे राहतो, तेथे डॉक्टर व समुपदेशक असतात आणि बहुतेक ठिकाणी पैसे लागतात. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, येथे दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे ठरलेल्या वेळी तास-दीड तास एकत्र बसतात आणि घरी जातात. तेथे डॉक्टर नसतो, दाखल करून घेणे नसते, फी नसते, आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट असते. खर्च मेंबरांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो. त्यामुळे एएच्या नावाखाली कोणी प्रवेश फी, 'कोर्स'चे पैसे किंवा आगाऊ रक्कम मागत असेल, तर ती एएची मीटिंग नव्हे असे समजून फोन ठेवावा.

यानंतर मीटिंग कोणासाठी हवी आहे ते पाहावे. पिणाऱ्यासाठी एए आहे. नवरा, बायको, आई-वडील किंवा मित्र यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. एएमध्येही दोन प्रकार असतात. ओपन मीटिंगला कोणीही बसू शकते, तर क्लोज मीटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच बसू शकतो. हा फरक माहीत नसल्यामुळे सोबत आलेल्या पत्नीला बाहेर थांबण्याची विनंती होते, तिला तो अपमान वाटतो, आणि नवऱ्याला परत फिरायला आयतेच निमित्त मिळते. असे झालेले मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता.

टप्पा ३: संपर्क क्रमांक मिळवा, किमान दोन

एकाच क्रमांकावर विसंबू नये. एएत कोणी पगारी माणूस फोनवर बसलेला नसतो; फोन उचलणारा मेंबरही तुमच्यासारखाच कामाला जातो, रातपाळी करतो, कधी नंबर बदलतो. क्रमांक पुढील ठिकाणांहून आणि शक्यतो याच क्रमाने मिळवावेत.

पहिले ठिकाण म्हणजे भारतातील एएचे जनरल सर्व्हिस ऑफिस. ते मुंबईत असून त्याच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवरून सोलापूर भागाच्या संपर्काची चौकशी करता येते. दुसरे ठिकाण म्हणजे ज्या मानसोपचारतज्ज्ञाला तुम्ही टप्पा १ मध्ये भेटलात ते स्वतः किंवा त्यांच्याकडील समाजसेवक. दारूच्या रुग्णांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे एखाद्या मेंबरचा नंबर असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो ताजा असतो. तिसरे, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा 14416. हे दोन्ही क्रमांक एएचे नाहीत. तेथे समुपदेशन मिळते आणि जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळते. रात्री दोन वाजता मन सैरभैर झाले आणि मेंबरचा फोन लागत नसेल, तर 14416 वर मराठीतून बोलता येते, म्हणून तो क्रमांक आजच मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा. चौथे ठिकाण, आधीपासून मीटिंगला जाणारा ओळखीचा माणूस. असा माणूस बहुतेक गल्ल्यांत असतो, परंतु त्याला चारचौघांत विचारू नये. अनामिकता हा या संघटनेचा पाया आहे.

नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणारी खूण, जुने पत्रक किंवा भिंतीवरची पाटी यांवरून थेट निघू नये. त्यांचा उपयोग फक्त फोन नंबर काढण्यापुरता करावा.

*तपासणी:* कागदावर दोन क्रमांक आणि त्यांपुढे ते कोणाकडून, कोणत्या तारखेला मिळाले हे लिहिले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: फोन, आणि तो कोणी करायचा

ज्याला दारू सोडायची आहे त्यानेच फोन करावा. येथे बहुतेक घरांची चूक होते. बायको फोन करते, मुलगा फोन करतो, सगळी माहिती गोळा होते, आणि ज्याच्यासाठी ही धडपड चालली आहे तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मेंबर अशा वेळी आदराने सांगतात की "त्यांना स्वतःला बोलू द्या". ही टाळाटाळ नसते. घरच्यांनी नंबर लावून मोबाइल हातात द्यावा आणि खोलीबाहेर जावे, एवढीच मदत पुरेशी आहे.

फोन शक्यतो पिण्याच्या वेळेआधी, म्हणजे दुपारी किंवा संध्याकाळच्या सुरुवातीला करावा. उचलला नाही तर "सोलापुरातून बोलतोय, मीटिंगची माहिती हवी आहे" एवढा संदेश पाठवून ठेवावा. पूर्ण नाव सांगण्याची गरज नाही. मामांचे दुसऱ्या प्रयत्नातले बोलणे मी दाराआडून ऐकले होते. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो "आज घेतलीय का?" असा, मामा घुटमळले, मग "हो, सकाळी" म्हणाले, आणि पलीकडून शांतपणे उत्तर आले, "चालेल. मी पण अशाच दिवशी फोन केला होता." त्यानंतर वीस मिनिटे मामाच बोलत होते.

बोलण्याच्या ओघात पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात, कारण फोन ठेवल्यावर यातले निम्मे आठवत नाही:

- पुढची मीटिंग कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते.
- नेमके कोठे: इमारत, मजला, खोली, आणि कोणत्या फाटकाने आत यायचे.
- ओपन की क्लोज.
- कोणत्या भाषेत बोलतात.
- फाटकाशी कोण भेटेल आणि त्यांचा फोन नंबर.

भाषेचा प्रश्न इतर शहरांत कदाचित गौण असेल. सोलापुरात तो गौण नाही. साखर पेठेत किंवा विडी घरकुलात आयुष्य काढलेल्या एखाद्याचे मराठी बाजारापुरते उत्तम असते, पण मनातले दुखणे तो तेलुगूतच बोलू शकतो. कन्नड आणि दखनी बोलणाऱ्यांचेही तसेच आहे. आपल्या भाषेत बोललेले चालेल का आणि ती समजणारा मेंबर आहे का, हे आधीच विचारावे. नसल्यास त्या भाषेतील ऑनलाइन मीटिंगचा दुवा मागावा.

स्वतःची दारू सोडू इच्छिणाऱ्या स्त्रीने एखाद्या महिला मेंबरचा नंबर निःसंकोच मागावा. गावात महिला मेंबर नसेल तर दुसऱ्या शहरातील मेंबरशी फोनवर बोलणे आणि महिलांच्या ऑनलाइन मीटिंगला बसणे, येथून सुरुवात करता येते. ओळखीचे कोणी बघेल ही भीती स्त्रीला अधिक असते आणि ती खोटी नाही. तिला "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावू नये.

बाहेर पडण्याचे धैर्य होत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. दोन मेंबर येऊन घरी किंवा एखाद्या चहाच्या टपरीवर भेटण्याची पद्धत एएत आहे. त्यासाठीही पैसे पडत नाहीत.

टप्पा ५: मीटिंगच्या दिवसाची तयारी

मीटिंगच्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा फोन करून "आजची मीटिंग आहे ना?" हे विचारावे. अनेक गट शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा संस्थेच्या खोलीत जागा मागून बसतात, त्यामुळे जागा त्यांच्या हातात नसते. दहावी-बारावीच्या परीक्षेचे केंद्र, निवडणुकीचे मतदान केंद्र, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी, अशा वेळी खोली बंद असू शकते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत आणि गणपती विसर्जनाला शहराच्या मध्य भागातील रस्ते वळवलेले असतात, तेव्हा पाऊण तास हाताशी ठेवून निघावे. खोली चर्चची असली म्हणून मीटिंग धर्माची नसते. तेथे कोणाचाही धर्म विचारला जात नाही.

रस्ता आधी ठरवावा. हे वाचायला किरकोळ वाटेल, तरी मी याला सर्वांत अधिक वेळ देतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सुटल्यावर माणूस ज्या वाटेने रोज घरी येतो, त्या वाटेवर त्याचा गुत्ता असतो, उधारीवर देणारा ओळखीचा असतो, आणि हात वर करून बोलावणारे सोबती असतात. त्या वाटेने मीटिंगला जायचे नाही, थोडा फेरा पडला तरी चालेल. मामांसाठी आम्ही दोन चौक वळसा घालणारी रिक्षा ठरवली होती आणि रिक्षावाल्याला मध्ये थांबायचे नाही असे आधीच बजावले होते. ज्या दिवशी पगार हातात पडतो त्याच दिवशी मीटिंग असेल, तर पैसे आधी घरी द्यावेत आणि खिशात जाण्या-येण्याचे भाडे तेवढे ठेवावे.

मोहोळ, अक्कलकोट किंवा बार्शीकडून येणाऱ्यांनी परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते पाहून ठेवावे आणि ते मेंबरला आधीच सांगावे, म्हणजे मध्येच उठून जाताना संकोच वाटणार नाही. निघण्याआधी पोटभर जेवावे किंवा निदान भाकरी-भाजीचे दोन घास खावेत. रिकाम्या पोटी पिण्याची ओढ वाढते.

*तपासणी:* फाटकाशी भेटणाऱ्या माणसाचा नंबर, भाडे, वळसा घालणारा रस्ता, परतीची सोय. चारही असतील तरच निघा.

टप्पा ६: खोलीच्या आत

दहा मिनिटे आधी पोहोचा आणि ज्याच्याशी बोलणे झाले त्याला फोन करा. हजेरीपट नसतो, सही घेत नाहीत, आधार कार्ड मागत नाहीत, त्यामुळे नोकरीवर किंवा पोलिसांत काही कळेल ही भीती बाळगू नये. मीटिंग साधारणपणे प्रार्थनेने सुरू होते, मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून "मी अल्कोहोलिक" असे म्हणतो आणि आपला अनुभव सांगतो. यालाच शेअरिंग म्हणतात. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमची पाळी आली आणि बोलावेसे वाटले नाही तर "आज फक्त ऐकतो" एवढे म्हणावे. ते पूर्णपणे मान्य असते. वर्गणीचा डबा फिरतो तेव्हा नवीन माणसाने काही टाकण्याची अपेक्षा नसते.

पहिल्या दिवशी हमखास होणारी चूक म्हणजे तुलना. "हा तर रस्त्यावर पडत होता, माझे तसे नाही" असे मनात आले की कान बंद होतात. कोणी किती प्यायले यापेक्षा पिण्याआधी त्याच्या मनात काय चालले होते, ते ऐकावे.

दुसरी चूक मीटिंग संपताच निसटणे. खरी ओळख शेवटच्या चहाच्या वेळी होते. त्या पंधरा मिनिटांत निदान तीन जणांचे फोन नंबर घ्यावेत आणि पुढच्या मीटिंगची जागा व वेळ कोणाकडून तरी लिहून घ्यावी. खोलीत ओळखीचा चेहरा दिसला, तर तोही त्याच कारणाने तेथे बसलेला आहे हे लक्षात ठेवावे. बाहेर भेटल्यावर त्याचा उल्लेख कोणाजवळही करू नये, घरीसुद्धा नाही.

टप्पा ७: दुसरी, तिसरी आणि चौथी मीटिंग

एका मीटिंगवरून निर्णय करू नये. त्या दिवशी माणसे कमी आली असतील, बोलणारा लांबला असेल, किंवा तुमचेच अंग ठणकत असेल. निदान चार मीटिंगना बसावे, आणि शक्य असल्यास त्यांतील एक तरी वेगळ्या गटाची असावी. एएत नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगचा सल्ला अनेकदा दिला जातो. तुमच्या आवाक्यात रोज मीटिंग नसेल तर मधल्या दिवशी ऑनलाइन मीटिंग आणि एका मेंबरला एक फोन, असा नेम ठेवता येतो. फोन करायचा तो घोट घेण्याआधी. नंतर केलेल्या फोनचा उपयोग होतोच, पण खूप कमी.

घरच्यांनी पहिल्या महिन्यात "आत काय झालं, कोण कोण होतं" हे विचारू नये, तोंडाचा वास घेऊ नये, आणि शेजाऱ्यांना आनंदाने सांगत सुटू नये. त्यांनी आपली स्वतःची अल-अ‍ॅनॉनची मीटिंग याच पद्धतीने, म्हणजे आधी फोन करून, शोधावी. कारखान्यात विड्या देऊन येण्याची आणि स्वयंपाकाची वेळ सांभाळणाऱ्या बाईला संध्याकाळी निघणे जमत नसेल, तर फोनवरून किंवा ऑनलाइन बसता येईल का ते विचारावे. नवरा मीटिंगला गेला नाही तरी ती जाऊ शकते.

मध्येच दारू घेतली गेली, ज्याला मेंबर 'स्लिप' म्हणतात, तर लाजून गट बदलू नये आणि महिनाभर तोंडही लपवू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर दिलेल्या तिघांपैकी एकाला फोन करून जे घडले ते सांगावे. अनेक दिवस सलग पिणे झाले असेल तर पुन्हा टप्पा १ पासून, म्हणजे डॉक्टरांपासून सुरुवात करावी, कारण एकदम थांबवण्याचा धोका या वेळीही तितकाच असतो. त्यानंतर पुढच्या मीटिंगला त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर जाऊन बसावे. मामा दोनदा असे परत जाऊन बसले. दुसऱ्या वेळी फाटकाशी तोच माणूस उभा होता ज्याने पहिला फोन उचलला होता, आणि त्याने फक्त चहा घेणार का एवढेच विचारले.